साळिंदरांची मिठी

"मला या शॉटमध्ये काय दिसतंय सांगू?" कॅप्टन म्हणाले आणि त्यांनी मोठ्या पडद्यावर माझी चारही साळिंदरं जागच्या जागी थांबवली. "बँकेत नंबर लागायची वाट बघणारी चार माणसं. चुकून एकमेकांना धक्का लागलाय आणि आता सॉरी म्हणतायत."

सगळी खोली हसली. मीही हसले, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं. आतून मात्र माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

कॅप्टन म्हणजे आमच्या सिनेमाचे दिग्दर्शक. आणि सिनेमा म्हणजे साळिंदरांच्या एका कुटुंबाची गोष्ट. आई, बाप, थोरला आणि धाकटं पिल्लू. अंगभर काटे, त्यामुळे या घरात कुणी कुणाच्या जवळ म्हणून जात नाही. लांबूनच माना डोलवायच्या आणि आपापल्या कोपऱ्यात झोपायचं. मग पिल्लू पुरात वाहून जातं, सगळं जंगल पालथं घालून परत घरी येतं, आणि ही मंडळी काटे मिटून आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांना मिठी मारतात. अख्खा सिनेमा त्या मिठीसाठी केलेला आहे. आणि ती मिठी मला मिळाली होती! मला, जिने आधीच्या सिनेमांत फक्त हलणारी पानं आणि लांबून उडणारी पाखरं केली होती. शॉट मिळाला त्या दिवशी मी जिना उतरले नव्हते, उड्या मारत खाली गेले होते आणि पहारेकऱ्याने "पगार वाढला का?" असं विचारलं होतं.

"सोमवारी सकाळी परत बघतो," कॅप्टन म्हणाले. "जमलं तर शॉट तुझा. नाही तर रबर करेल."

रबर हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याचं खरं नाव आता त्यालाही आठवत नसावं. त्याने काहीही केलं तरी ते ताणतं आणि टणकन उडतं, म्हणून रबर. माणूस सज्जन आहे, मला रोज चहा पाजतो, पण त्याच्या हातात माझी साळिंदरं गेली असती तर मिठीतून ती चारी दिशांना उडाली असती. मी रबरकडे बघितलं. त्याने मान खाली घातली, पण बोटं आधीच वळवळायला लागली होती त्याची.

आमच्या कामात एक गोम आहे, ती सांगायला हवी. कॉम्प्युटरमधल्या आकृत्यांना अंग नसतं. बापाचा हात पोराच्या पाठीवर ठेवला तर तो पाठीतून शिरून पोटातून बाहेर येतो. ते निस्तरण्यात जीव जातो, म्हणून आम्ही सगळे एक चोरटी युक्ती करतो. दोघांच्या मध्ये केसभर फट ठेवायची आणि कॅमेरा अशा बाजूने लावायचा की ती दिसू नये. पानांत पानं आणि पंखांत पंख शिरू नयेत म्हणून इतकी वर्षं ती युक्ती करून करून माझ्या हाताला फट ठेवायची सवयच लागली होती. कॅप्टनना फट दिसली नव्हती, पण जाणवली होती. म्हातारा वाटतो तितका झोपाळू नाही.

"घरच्यांना घेऊन व्हिडिओ काढ," जाता जाता ते म्हणाले. "खरी मिठी बघ आणि मग कर."

ही आमच्याकडची नेहमीची पद्धत. कुणाला अस्वलाचं धावणं करायचं असेल तर तो आधी स्वतः पार्किंगमध्ये अस्वलासारखा धावतो आणि फोनवर त्याचा व्हिडिओ काढतो. रबर तर एकदा गोगलगाय झाला होता. पण घरच्यांना मिठी मारायला सांगायचं कसं? आमच्या घरात कुणी कुणाला मिठी मारत नाही.

प्रेम नाही असं नाही हं. वेळ नाही. बाबा शहर बसचे ड्रायव्हर, त्यांची पहिली फेरी उजाडायच्या आधी सुटते. आई दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, ती दुपारी जाते. दादा लिफ्टचा मेकॅनिक, तो कधी जातो आणि कधी येतो ते त्याचं त्यालाच माहीत. आणि मी. आमचं घर चालतं ते फोनवरच्या ग्रुपवर. "जेवण फ्रीजमध्ये." "गॅस बघा." "किल्ली कुंडीखाली." बाबा प्रत्येक मेसेजला अंगठा दाखवतात. मावशीला ताप आलाय म्हटलं तरी अंगठा. भांडणं मात्र आम्ही समोरासमोर करतो, तेवढी माणुसकी आहे.

मी ग्रुपवर लिहिलं, "रविवारी सकाळी सगळे घरी हवेत. मला मिठी हवी आहे. कामासाठी."

बाबांचा अंगठा आला. आईने विचारलं, "कोणते कपडे घालू?" दादाने लिहिलं, "टिटवी, बरी आहेस ना?" तो मला लहानपणापासून टिटवी म्हणतो. माझा आवाज मोठा आहे, असं त्याचं म्हणणं. आवाज मोठा नाही माझा. लोकांचे कान जास्त तिखट आहेत.

रविवारी सकाळी बघते तर काय, सगळे हजर! आईने लग्नकार्याचे कपडे घातले होते. बाबांनी केसांना तेल लावून भांग पाडला होता. दादा कमरेला अवजारांचा पट्टा बांधूनच आला होता, कारण कॉल आला तर धावायला हवं. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच पिटल्या. हॉलमधला सोफा ढकलून आम्ही जागा केली, पुस्तकांच्या चळतीवर मी फोन उभा केला, आणि पिल्लाच्या जागी मधोमध एक लोड उभा करून ठेवला. मी पिल्लू झाले असते तर सूचना कुणी दिल्या असत्या?

"हे पिल्लू," मी म्हणाले. "पुरातून वाचून आलंय. तुम्हाला वाटलं होतं ते मेलं. आता मिठी मारा. चला!"

बाबांनी बसचं स्टिअरिंग धरावं तसे दोन्ही हात गोल केले आणि लोडाला कवटाळलं. आईने लोडाच्या पाठीवर थापट्या मारल्या, तान्ह्या बाळाला ढेकर यावी म्हणून मारतात तशा. दादा कॅमेऱ्याकडे बघून हसला.

"दादा, हसतोस काय? भाऊ परत आलाय तुझा!"

"म्हणून तर हसतोय."

"कॅमेऱ्याकडे बघून नाही!"

पुन्हा केलं. या वेळी आई स्वयंपाकघराच्या दारातून हात पसरून अगदी संथ, एकेक पाऊल तरंगत यायला लागली. डोळे इतके मोठे केलेले की मला भीती वाटली.

"आई, हे काय?"

"सिनेमात असंच येतात. तुमच्याच कार्टूनात बघितलंय मी. आधी डोळे मोठे होतात, मग पाणी येतं, मग धावतात."

"ते आम्ही करतो! तुम्ही खरं करायचंय, म्हणजे मला तुमचं बघून करता येईल."

"मग आम्ही कुणाचं बघून करायचं?" बाबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणून मला जास्तच राग आला.

मी सूचनांचा सपाटा लावला. बाबा, डावा हात वर. आई, हनुवटी खाली. दादा, पट्टा काढ, त्याचा खळखळाट होतोय. काटे मिटून घ्या सगळ्यांनी. "काटे कसे मिटू गं?" बाबा म्हणाले. "त्याला हँडब्रेक असतो का?" आई हसत सुटली, तिचं बघून दादा, आणि लोड आडवा झाला. प्रत्येक वेळी मी व्हिडिओ बघायचे आणि प्रत्येक वेळी तेच. तीन माणसं एका लोडाचं अभिनंदन करतायत. शेवटी मी हात टेकले.

"जाऊ दे! तुम्हाला एक साधी मिठी मारता येत नाही! रबरलाच देऊ दे तो शॉट. मी आपली जाते पानं हलवायला!"

बाबांना माझा पडलेला चेहरा बघवत नाही, कधीच नाही. अशा वेळी त्यांना काहीतरी काम करावंसं वाटतं. "मी सोफा जागेवर लावतो," असं म्हणत ते वाकले, त्यांनी एकट्याने सोफा उचलला, आणि "आई गं!" असं ओरडून तसेच अर्धवट वाकलेले राहिले. कंबर धरली होती.

आम्ही तिघं एकदम धावलो. दादाने एका काखेत खांदा घातला, आईने दुसरी काख धरली, आणि मी पुढून त्यांच्या छातीखाली घुसले. बाबांचा सगळा भार माझ्यावर आला. माझे गुडघे वाकले, मानेत त्यांची हनुवटी रुतली, आईचं कोपर माझ्या कानावर, दादाचा गाल माझ्या डोक्यावर. कुणालाच हलता येईना. बाबांच्या छातीची धडधड मला माझ्या छातीत ऐकू येत होती. आम्ही चौघं एकच मोठं, वेडंवाकडं, धापा टाकणारं जनावर झालो होतो. आणि त्या तसल्या अवस्थेतही माझ्या डोक्यात लख्खकन दिवा लागला.

"वजन!" मी ओरडले. "वजन हवंय! फट नको!"

"आधी मला खाली ठेवा," बाबा कण्हत म्हणाले.

त्यांना सोफ्यावर आडवं केलं, पाठीखाली गरम पाण्याची पिशवी दिली. आईने दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते दातांचे डॉक्टर, पण आईचा त्यांच्यावर सगळ्या बाबतीत विश्वास. झोपून राहा, म्हणाले. मी फोनकडे झेप घेतली. पळापळीत तो पुस्तकांवरून उताणा पडला होता. त्यात छत दिसत होतं आणि बाबांचं "आई गं" ऐकू येत होतं. बाकी काहीही नाही.

काही बिघडलं नव्हतं! सगळं माझ्या अंगात होतं. कुठे रुतलं, कुठे दबलं, कुणाचा भार कुणावर गेला, सगळं. मी सोफ्याच्या बाजूला टेबल ओढलं, लॅपटॉप उघडला आणि कामाला लागले. बाबांना हलता येत नव्हतं, म्हणून आई तिथेच खुर्ची घेऊन बसली. आई बसली म्हणून दादाही बसला. आमच्या हॉलमध्ये अख्खी दुपार चौघं जण एकत्र, असं शेवटचं कधी झालं होतं मला आठवत नाही. आई बाबांची पिशवी बदलत होती, दादा एक जुना स्विच उघडून बसला होता, आणि मी साळिंदरांचे खांदे खाली दाबत होते. बापाचं पोट पिल्लावर टेकवलं आणि ते चपटं केलं. पिल्लाचे गुडघे वाकवले. काटे दबले की मऊ पडतात, तेही केलं. हात आरपार जात होते, पुन्हा पुन्हा जात होते, मी शिव्या घालत एकेक बोट पाठीवर आणून बसवत होते. पण फट ठेवली नाही. एकही नाही.

"जमलं!" मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. "बघा, बघा, सगळे बघा!"

लॅपटॉप बाबांच्या डोळ्यांसमोर धरला. दादाने शिट्टी मारली. "अरे, हा तर मी!" बाबा म्हणाले. "पोट जरा कमी कर माझं." मी हवेत होते. चार साळिंदरं एकमेकांवर अशी कोसळली होती की बघणाऱ्याचेही गुडघे वाकावेत. आता सोमवार येऊ दे, कॅप्टन येऊ देत, कुणीही येऊ दे!

आईने पुन्हा दाखवायला लावलं. मग पुन्हा.

"आवडलं नाही का?" मी विचारलं.

"छान आहे. पण मला एक सांग, हे पिल्लू आजच घरी आलंय ना? पुरातून?"

"हो."

"मग सगळ्यांचा भार त्याच्याच अंगावर का? आई त्याच्यावर रेललीय, बाप रेललाय, थोरला रेललाय. त्याने सगळ्यांना धरलंय. त्याला कुणी धरलंय?"

"आई, ते वजन आहे! वजनाशिवाय मिठी खोटी दिसते. तुला त्यातलं कळत नाही."

"नसेल कळत. पण ते दमून आलंय गं. घरी आल्यावरही त्यानेच सगळ्यांना सावरायचं का?"

मी फाडकन उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, मोठं होतं, आणि बाहेर आलं ते रडू. मला स्वतःलाच कळेना हे काय चाललंय. कितीतरी महिने मी त्या शॉटच्या मागे धावत होते. घरी यायचे तेव्हा सगळे झोपलेले, नाहीतर गेलेले. फ्रीजमधलं उभ्याउभ्या खायचं आणि ग्रुपवर "जेवले" असं लिहायचं. त्यावर अंगठा यायचा. मला त्या अंगठ्याचा किती राग येत होता, हे मला त्या क्षणी कळलं. मी दमले होते. प्रचंड दमले होते, आणि कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ग्रुपवर असलं कसं लिहिणार?

"मी पण दमलेय," मी म्हणाले. लहान मुलीसारखा आवाज निघाला माझा.

दादाला असल्या वेळी काय करायचं ते समजत नाही. त्याला वजनं उचलायची मात्र सवय आहे. तो उठला, मागून आला, आणि लिफ्टची मोटर उचलावी तशी त्याने मला दोन्ही हातांनी सरळ उचललं. "काय करतोस? सोड!" म्हणेपर्यंत आईने माझं डोकं धरून आपल्या खांद्यावर टेकवलं होतं. तिच्या अंगाला दवाखान्याचा वास येतो, सुट्टीच्या दिवशीही येतो. मी तिथे तोंड खुपसलं. आणि बाबा? त्यांना उठता येत नव्हतं. सोफ्यावर आडव्या पडलेल्या माणसाच्या हाताला जे लागलं ते त्यांनी पकडलं. माझे पाय. दोन्ही पावलं त्यांनी मुठीत धरली, घट्ट.

"नीट धर रे तिला," ते दादाला म्हणाले. "पडेल."

दादाचा फोन वाजायला लागला. "कॉल असेल," मी आईच्या खांद्यातून म्हणाले.

"नुसतं लिफ्टचं दार कुरकुरतंय त्यांचं, सकाळपासून सांगतायत. आत कुणी अडकलेलं नाही. कुरकुरू दे."

फोन वाजून वाजून थांबला. मला काहीही धरावं लागत नव्हतं. माझ्या अंगाचा एक कणही माझ्या जोरावर उभा नव्हता. इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मी रडता रडता हसायला लागले, आणि दादा म्हणाला, "टिटवी, किती जड झालीस गं!"

मग त्यांनी मला खाली ठेवलं आणि मी थेट लॅपटॉपवर जाऊन पडले. सगळं मोडलं. मघाशी जे जमलं म्हणून नाचले होते ते सगळं पुसून टाकलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आईने चहा आणून ठेवला तो मी प्यायले की नाही देवाला माहीत. बोटं माझी नव्हतीच, नुसती पळत होती.

सोमवारी सकाळी खोली गच्च भरली होती. रबर दाराशीच उभा होता, माझ्याकडे बघून त्याने शुभेच्छा म्हणून बोटावर बोट चढवलं की माझ्या साळिंदरांसाठी बोटं मोकळी केली, काही कळलं नाही. कॅप्टननी शॉट लावला.

पिल्लू बिळाच्या तोंडाशी येतं. कुणीच धावत नाही. थोरला पुढे होतो, त्याला काही सुचत नाही, आणि तो त्याला सरळ उचलतो. आई डोकं जवळ घेते. बाप पाय घसरून बसकण मारतो, आणि तिथूनच हात पुढे करतो. मग काटे खाली येतात. आधी आईचे, मग थोरल्याचे, मग बापाचे, आणि सगळ्यांत शेवटी पिल्लाचे.

कुणी हसलं नाही. कॅप्टननी तो पुन्हा लावला आणि मध्येच थांबवला.

"हे काय?" त्यांनी पडद्यावर लाल ठिपका नाचवला. "पिल्लाचे पाय. जमिनीला टेकलेले नाहीत."

खोलीतले सगळे पुढे वाकले. आमच्याकडे पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवतात ती हीच. पाय जमिनीवर टेकवा. तरंगणारे पाय म्हणजे नवशिक्याची चूक. रबरनेही डोळे बारीक केले. शॉट जायचा असेल तर तो आता, या ठिपक्यावरून जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

"पाय जमिनीवर नाहीयेत, सर," मी म्हणाले, आणि माझा आवाज मोठा आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं, कारण तो सगळ्या खोलीत गेला. "ते बापाच्या हातात आहेत."

कॅप्टननी लाल ठिपका विझवला.

"खरंच की," ते म्हणाले. "राहू देत तिथेच."